तुम्ही विचारलंत म्हणून: स्त्री-अभ्यासाच्या तासाला अपंगत्व कशाला?

‘मॅडम, स्त्री-अभ्यासात हे अपंगत्व कशाला घुसडता?’ स्टाफरूममध्ये विचारतात, लातूर-परभणीच्या चर्चासत्रांत विचारतात, चळवळीतल्या मैत्रिणी तर हमखास. ‘घरात कुणी आहे का तसं?’ हेही विचारून होतं. नाही. एकदाच सांगते.

बीड जिल्ह्यात शिकवत होते. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या मुलींचं प्रमाण राज्यात सर्वांत कमी इथंच निघालेलं. गर्भलिंगनिदानावरचा माझा तास त्यामुळे तावातावानं चालायचा. एक विद्यार्थिनी व्हीलचेअरवर यायची, जन्मतःच कण्यात दोष. 2016 च्या अपंग हक्क कायद्यातल्या 5 टक्के राखीव जागांत तिला प्रवेश मिळालेला, पण बाकांमधून खुर्ची जात नसे. ती दारातच बसायची. पुढची चाकं वर्गात, मागची व्हरांड्यात. मुलींचं टॉयलेट चार पायऱ्या चढून, म्हणून आई बाहेर थांबायची आणि पोरगी दिवसभर पाण्याचा घोट घेत नसे.

त्या दिवशी मी म्हणाले, ‘मुलगी म्हणून गर्भ पाडणं ही हिंसा आहे.’

दारातून आवाज आला, ‘मॅडम, आणि सोनोग्राफीत माझी पाठ दिसली म्हणून पाडला असता तर?’

मी म्हणाले, ‘तो वेगळा विषय आहे.’

तिनं वही मिटली. खुर्ची मागे घेतली, तर पुढची चाकं उंबऱ्यात अडकली. आईनं येऊन ओढून काढली. मी फळ्याजवळच उभी.

‘आधी दुष्काळाचं बोलू, बायकांचं नंतर’ म्हणणाऱ्या पुढाऱ्यांशी मी उभा जन्म भांडले, आणि माझ्या तोंडून त्यांचंच वाक्य निघालं.

गर्भलिंगनिदानाविरुद्धचा 1994 चा कायदा लिंग पाहू देत नाही. जन्मजात व्यंग तपासू देतो. गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर तर वैद्यकीय मंडळानं गर्भात गंभीर व्यंग ठरवलं, की गर्भपाताला 24 आठवड्यांची मर्यादाच राहत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पोलिओ झालेल्या दिल्लीच्या प्राध्यापक अनिता घई स्त्रीवाद्यांना हेच विचारत आल्या होत्या. मी शिकवत नव्हते, एवढंच.

‘म्हणजे तू आता गर्भपाताच्या विरोधात?’ मैत्रिणींचा पुढचा प्रश्न. अजिबात नाही! कोयता घेऊन सहा महिने उसाच्या फडात राहणाऱ्या बाईवर मी कसलीच सक्ती करणार नाही. निर्णय तिचाच. पण ‘असलं मूल काय कामाचं’ असं डॉक्टरपासून सासूपर्यंत सगळे म्हणत असताना तो कितपत तिचा, हेही विचारणार. दोन्ही एका दमात कसं म्हणायचं, मला अजून जमत नाही. मग वर्गात गोंधळ कशाला घालतेस, असं तेव्हाची मी विचारेल. घालते.

ती मुलगी पुढे फक्त परीक्षेला आली. दाराजवळचे दोन बाक मी नंतर काढायला लावले. टॉयलेटच्या पायऱ्या तशाच आहेत.