बेलाचं नाव मिरवणारा किल्ला : ठाण्याहून बेलापूरला एक सकाळ

महाशिवरात्रीच्या आदल्या संध्याकाळी आईबरोबर जांभळी नाक्यावर बेल आणायला गेले होते. जुडी पिशवीत टाकता टाकता आई म्हणाली, "बेलापूरचं नाव या पानांवरून पडलं म्हणतात. इतकी वर्षं ठाण्यात काढली, पण तिथला किल्ला काही बघितला नाही." पुढच्याच रविवारी आम्ही दोघी नवी मुंबईतल्या बेलापूरला निघालो.

कथा अशी सांगतात. किल्ला पोर्तुगीजांकडे असताना चिमाजी अप्पांनी नवस बोलला, की हा हाती आला तर जवळच्या अमृतेश्वराला बेलाच्या पानांची माळ वाहीन. किल्ला मराठ्यांनी घेतला, माळ वाहिली गेली आणि बेलापूर हे नाव रूढ झालं. त्याआधी पोर्तुगीज याला 'सबायो' म्हणत; जवळच्या शहाबाज गावाच्या नावाचाच तो अपभ्रंश असावा. बांधला मूळ सिद्दींनी, सोळाव्या शतकात. 1682 मध्ये तो पोर्तुगीजांकडे गेला आणि 1817 मध्ये इंग्रजांनी जिंकून बराचसा पाडून टाकला.

ठाण्याहून पनवेल लोकल पकडा, ती थेट बेलापूरला नेते. घाईत वाशी लोकलमध्ये चढलात तर तुर्भ्याला उतरून गाडी बदला, कारण तिथून रूळ वेगळे होतात. बेलापूर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला नुसतं 'किल्ला' म्हणू नका, 'किल्ले गावठाण' किंवा 'महापालिकेचं मुख्यालय' सांगा. रविवारी सीबीडीतली, म्हणजे बेलापूरच्या व्यापारी भागातली ऑफिसं बंद असल्याने रस्ते मोकळे असतात. नाश्ता मात्र स्टेशनजवळच उरका आणि पाण्याची बाटली भरून घ्या.

रायगड-प्रतापगडासारखं काही डोळ्यांपुढे ठेवून गेलात तर निराश व्हाल. इथे उरलाय तो एक बुरूज, पडक्या भिंती आणि झाडोरा. सावकाश बघितलं तरी तासाभरात होतं. पण पनवेलच्या खाडीच्या तोंडाशी ही जागा का निवडली असेल, ते तिथे उभं राहिलं की लगेच कळतं. इथून घारापुरीपर्यंत भुयार आहे, असंही लोक सांगतात. बुरुजावर चढू नका, दगड सुटलेले आहेत. पायांत बूट हवेत आणि पावसाळ्यात मुलांना नेणार असाल तर शेवाळाकडे लक्ष ठेवा.

मी मात्र सगळा वेळ बेलाचं झाड शोधत होते. वड दिसला, रानटी झुडपं दिसली, बेल काही दिसला नाही. फार वाईट वाटलं. ज्या झाडाने एवढ्या मोठ्या नगराला नाव दिलं, त्याचं एक रोप बुरुजाच्या पायथ्याशी असायला हवं. बेल हळू वाढतो, पण फार लाड मागत नाही. कोरड्या, मुरमाड जमिनीतही तग धरतो.

शेवटी तो सापडला गावठाणात, एका घराच्या अंगणात. ओळखायला सोपा आहे : एका देठावर तीन पानं, फांद्यांना लांब काटे आणि कवठासारखी टणक कवचाची फळं. पान चुरगाळून हुंगलं की लिंबाची आठवण येते, कारण दोघं एकाच कुळातले. म्हणूनच लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या बेलावरही वाढतात. आईने एक फांदी वाकवली, तर पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी काळी-पांढरी अळी बसलेली होती. आम्ही बराच वेळ तिथेच रेंगाळलो. तुम्ही जाणार असाल तर फेब्रुवारी-मार्च बरा, फळं झाडावर मोठी झालेली दिसतात. उन्हाळा चढला की जुनी पानं गळतात, मग नव्या पालवीबरोबर हिरवट-पांढरी, सुवासिक फुलं येतात.

घरातल्या मावशी बाहेर आल्या. चार पानं घेऊ का, असं आईने विचारलं.

"घ्या ना," त्या म्हणाल्या, "आजच घ्या. उद्या सोमवार, सोमवारी बेल तोडत नाहीत."

वर एक पिकलेलं फळही त्यांनी आईच्या हातात ठेवलं. ठाण्याला पोचेपर्यंत पिशवीला त्याचा वास लागला होता. संध्याकाळी गर कोळून, गूळ घालून आईने सरबत केलं. बिया धुऊन वाळत ठेवल्या आहेत. रोप झालं की त्या मावशींना विचारून बुरुजाजवळ कुठे लावता येईल ते बघणार आहे.