उजव्या खांद्याची वही: डिसेंबरची कळ ते मे महिन्यातला स्मॅश

मंडळी, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बॅडमिंटन खेळताना मागच्या कोर्टातून स्मॅश मारला आणि हात खाली येताना खांद्याच्या पुढच्या बाजूला चर्रकन कळ आली. गेम पूर्ण केला. तिथेच थांबायला हवं होतं. त्या रात्री उजव्या कुशीवर झोपता येईना. सकाळी शर्ट घालताना हात खांद्याच्या उंचीला आला की कळ, तिथून वर गेला की मोकळा. तुमच्यातल्या निम्म्या जणांना ही कळ ओळखीची असेल, म्हणून 17 आठवड्यांची वही इथे उघडतोय.

वय 41, उजवा हात, डबल्स, होटगी रोडकडच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीन सकाळी. नोकरी टॉवेलच्या कारखान्यात. दर पाळीला किती माल निघाला हे लिहायची सवय आहे, तीच खांद्याला लावली.

कळ येण्याआधीचं पान

फिजिओ मॅडमनी पहिल्याच दिवशी मागचे दोन महिने लिहून आणायला सांगितले. लिहायला बसलो तेव्हा डोळे उघडले. नोव्हेंबरपर्यंत तीन दिवस खेळ. डिसेंबरात स्पर्धा जवळ आली म्हणून सहा दिवस. त्यातच नवी 3U वजनाची रॅकेट, आधीच्या 4U पेक्षा पाचेक ग्रॅम जड. गटिंगचा, म्हणजे रॅकेटच्या तारांचा ताण 24 पौंडांवरून 27. आणि रात्री नंदीध्वज, म्हणजे जत्रेतल्या उंच काठ्या पेलण्याचा सराव. सोलापूरकरांना सांगायला नको, संक्रांतीला सिद्धेश्वर महाराजांचे सात नंदीध्वज 68 लिंगांना निघतात आणि त्याची तयारी आधीपासून चालते. एकेक गोष्ट खांद्याने सोसली असती. चारही एकाच महिन्यात आल्या.

मधल्या काळात ओळखीतल्या एकाने खांदा ‘बसवून देतो’ म्हणून हात मागे पिरगाळला. पुढचे चार दिवस भांगही डाव्या हाताने पाडला. कळ आलेला हात कुणाच्या हातात देऊ नका, एवढं कळकळीने सांगतो. यंदाची गड्ड्याची, म्हणजे संक्रांतीची जत्रा मी हात खिशात घालून पाहिली. काठीला हात लावता आला नाही, ते फार लागलं.

मग हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. एक्स-रे साफ. सोनोग्राफीत सुप्रास्पायनेटस या खांद्याच्या वरच्या स्नायूचा कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) सुजलेला, फाटलेला नाही. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात फिजिओथेरपी सुरू.

आठवडा 1 आणि 2

मॅडमनी शर्ट काढून पाठमोरं उभं केलं, दोन्ही हातांत एकेक किलो देऊन हात सावकाश वर-खाली करायला लावले आणि मोबाइलवर शूटिंग केलं. “काका, हे बघा, हात खाली येताना उजवा फरा कसा उघडतोय.” फरा म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड. डावा फरा पाठीला चिकटून सरकत होता. उजव्याची आतली कड दार किलकिलं व्हावं तशी बाहेर येत होती. दुखत होतं पुढे, म्हणून मी महिनाभर पुढेच मलम चोळत होतो.

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि फऱ्यावरची त्याची खोबण बशीसारखी उथळ. गोळा बशीत धरून ठेवायचं मुख्य काम रोटेटर कफच्या चार स्नायूंचं: सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरिस मायनर, सबस्कॅप्युलॅरिस. स्मॅश मारताना छाती आणि पाठीचे मोठे स्नायू हात फेकतात. शटल गेल्यावर त्या हाताला ब्रेक लावायचा असतो आणि तो मुख्यतः मागचे छोटे स्नायू लावतात. भारताचा डबल्स खेळाडू सात्त्विकसाईराज याच्या स्मॅशची 2023 मध्ये 565 किमी प्रतितास अशी नोंद झाली. आपला वेग त्याच्या जवळपासही नाही, पण ब्रेकचं काम तेच. ते स्नायू थकले, फरा डळमळला की गोळा नीट मध्यावर राहत नाही आणि वरच्या कंडऱ्यावर ताण येतो.

रिपोर्टवर ‘इम्पिंजमेंट’ वाचून हाड घासायची शस्त्रक्रिया करावी लागणार असं वाटलं होतं. हे नाव 1972 मध्ये नीअर या अमेरिकी सर्जननी रूढ केलं. हाड कंडऱ्याला घासतं, ते तासलं की दुखणं जाईल असा तो विचार. 2018 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधली चाचणी छापून आली. त्यात काहींचं हाड खरंच तासलं, काहींच्या खांद्यात फक्त दुर्बीण घालून पाहिलं. दोन्ही गटांत रुग्णाला जाणवेल इतका फरक निघाला नाही. हे वाचलं त्या रात्री मी शांत झोपलो.

दोन आठवडे व्यायाम साधाच: कोपर कमरेला, मनगटाची मागची बाजू दाराच्या चौकटीला, बाहेरच्या दिशेने दाब, 30 सेकंद, पाच वेळा. हात हलत नाही, स्नायू कामाला लागतो. नियम असा की दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळी आकडा पहिल्या जागी परत आला पाहिजे.

आठवडा 3 ते 6

या चार आठवड्यांतल्या एका व्यायामाने मला सगळ्यात जास्त दिलं. डाव्या कुशीवर आडवं व्हायचं. उजवं कोपर काटकोनात, कोपर आणि बरगड्यांच्या मधे टॉवेलची गुंडाळी. आमच्याच कारखान्यातला जाड टेरी टॉवेल, तीन घड्या. हातात पाण्याची बाटली. कोपरापुढचा हात पोटापासून छताकडे एका सेकंदात उचलायचा आणि मनात तीन मोजत खाली आणायचा. खाली आणतानाच खरा व्यायाम होतो, कारण ब्रेकचं काम तिथे आहे. बारा वेळा, तीन फेऱ्या, दिवसाआड. टॉवेल निसटला की समजायचं, कोपर अंगापासून सुटलं आणि खांदा फसवायला लागला. पहिल्या दिवशी अर्ध्या लिटरच्या बाटलीने नवव्याला हात थरथरला. सहाव्या आठवड्यात दीड किलोचं डंबेल आलं.

सोबत रबरी पट्ट्याने रोइंग आणि भिंतीवर दंड, ज्यात शेवटी हात सरळ झाल्यावर पाठ आणखी थोडी मागे रेटायची. त्याने फरा बरगडीला धरणारा सेरेटस जागा होतो.

पाचव्या आठवड्यात चुकलो. कळ जवळजवळ गेली होती. हॉलवर नुसता बघायला गेलो, तर माझा पार्टनर अण्णा म्हणाला, “काय बे, बरं वाटतंय म्हणतोस आन् बाकावर बसतोस?” उठलो आणि चाळीसेक क्लिअर, म्हणजे मागच्या रेषेपर्यंत जाणारे उंच फटके मारले. मारताना काहीच झालं नाही. दुसऱ्या सकाळी आकडा सहा. वहीत त्या पानावर लिहिलंय: दुखणं गेलं, ताकद आलेली नाही. दहा दिवस मागे गेलो.

ताकद कळावी म्हणून सामान तोलायचा हुकाचा डिजिटल काटा घेतला. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसऱ्याला पट्टा, कोपर कमरेला, आणि ओढ. सहाव्या आठवड्याच्या शेवटी उजवा बाहेर फिरवताना 6.2 किलो, आत फिरवताना 10.5, म्हणजे 59 टक्के. मॅडमना 75 च्या आसपास हवं होतं. डावा बाहेर 7.9. ज्या हाताने खेळतो तोच कमजोर!

आठवडा 7 ते 11

आडवं झोपवून मॅडमनी कोनमापकाने खांदा आत किती फिरतो ते मोजलं: उजवा 38 अंश, डावा 60. वर्षानुवर्षं डोक्यावरून मारणाऱ्यांचा खांदा मागून आखडतो, पण 20 अंशांच्या आसपास फरक गेला की लक्ष द्यायचं. मला हात छातीवरून पलीकडे ओढायचा ताण मानवला: 30 सेकंद, पाच वेळा, रोज. अकराव्या आठवड्यात 51.

या टप्प्यात निम्मा वेळ पायांवर गेला आणि तो मला खांद्याच्या व्यायामाइतकाच महत्त्वाचा वाटतो. डोक्यावरून मारायच्या फटक्यात निम्म्याच्या आसपास जोर पाय आणि धडातून येतो. अण्णाने माझं जुनं शूटिंग शोधून दिलं. त्यात दिसलं की मी शटलच्या मागे वेळेत पोचतच नव्हतो. शटल डोक्यामागे गेलेलं, पाय सपाट, छाती जाळीकडे, सगळा जोर एकट्या हाताचा. मग रोज रॅकेटशिवाय मागच्या दोन कोपऱ्यांत पावलं टाकायची, कूल्हा वळवायचा, कात्रीउडी घ्यायची. पाठीचा वरचा भाग वळावा म्हणून गुडघ्यांवर ओणवं होऊन एक हात छताकडे. खांदा बरा व्हायला पोटऱ्या दुखल्या.

आठवडा 12 ते 17

कोर्टावर परत, मोजून. बाराव्यात नेट, सर्व्हिस, ड्राइव्ह आणि अर्ध्या जोराचे 20 क्लिअर. मधे एक दिवस रिकामा. तेराव्यात 30, चौदाव्यात 45 आणि ड्रॉप. पंधराव्यात पहिले 10 स्मॅश, अण्णाने हाताने उंच शटल टाकून. पहिला मारताना पोटात गोळा आला होता. काहीच झालं नाही, आणि दुसऱ्या सकाळी आकडा एक. तोवर सोलापूरचं ऊन पेटलेलं, पारा 42 वर. उकाड्यात शटल पळतं, म्हणून हळू उडणारं 76 नंबरचं शटल आणलं. जुनी 4U रॅकेट, गटिंग परत 24.

एक गोष्ट मधेच सांगून टाकतो. पडल्यावर हात उचलताच येत नसेल, हाताला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, सांधा लाल होऊन ताप असेल, किंवा खांद्यासोबत छातीत दाटून घाम येत असेल, तर ही वही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मधुमेह असून खांदा सगळ्या बाजूंनी आखडत चालला असेल तर तो फ्रोजन शोल्डर असू शकतो, त्याची वाट वेगळी.

सतराव्या आठवड्यातला शनिवार, सकाळी साडेसहा. डबल्सचे दोन पूर्ण गेम, 14 स्मॅश. काट्यावर बाहेर 8.1, आत 10.9, म्हणजे 74 टक्के. रविवारी सकाळी आकडा शून्य, उजव्या कुशीवरूनच उठलो.

टॉवेलची गुंडाळी आठवड्यातून दोनदा चालूच आहे. ऑक्टोबरपासून ती तीनदा करणार आणि स्पर्धेसाठी चौथा खेळाचा दिवस वाढवणार नाही. डिसेंबरात रात्री नंदीध्वजाच्या सरावाला जायचं आहे.