ठिपक्यांच्या चौकटीचे महत्त्व

सादरीकरणाचे सॉफ्टवेअर उघडले की पहिल्या कोऱ्या स्लाइडवर ठिपक्यांच्या रेषेने आखलेल्या दोन चौकटी दिसतात आणि त्यांत ‘शीर्षक लिहिण्यासाठी येथे क्लिक करा’ अशा अर्थाची सूचना असते. या चौकटींना प्लेसहोल्डर म्हणतात. कित्येक वर्षे मी त्या सरळ पुसून टाकत असे आणि टेक्स्ट बॉक्स घेऊन मला हवा तेथे मजकूर लिहीत असे, कारण पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पुढे ६० स्लाइडच्या एका सादरीकरणातील सर्व शीर्षके थोडी वर सरकवून लहान करण्याची वेळ आली, तेव्हा प्रत्येक शीर्षक वेगळे हाताळावे लागले आणि त्यात अख्खी संध्याकाळ गेली. त्यानंतर मी या सॉफ्टवेअरमधील मूळ संज्ञा नीट समजून घेतल्या. त्यांतील सर्वांत महत्त्वाची संज्ञा प्लेसहोल्डर हीच आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

‘स्लाइड’ हा शब्द ३५ मिलिमीटर फिल्मवरील पारदर्शक चित्रांवरून आला. लहानशा चौकटीत बसवलेली ती चित्रे प्रोजेक्टरमधून एकामागून एक दाखवली जात. रॉबर्ट गॅस्किन्स, डेनिस ऑस्टिन आणि टॉम रडकिन यांनी फोरथॉट या कंपनीत घडवलेले पॉवरपॉइंट १९८७ साली मॅकिंटॉशसाठी बाजारात आले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतली. पहिल्या आवृत्तीचा मुख्य उपयोग ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या कृष्णधवल पारदर्शिका छापण्यासाठी होता. आज स्लाइड हातात धरता येत नाही, पण एका वेळी एक पान दाखवण्याची ती जुनी रीत शब्दासकट टिकून आहे.

आता त्या चौकटीकडे वळू. टेक्स्ट बॉक्स ज्या स्लाइडवर ठेवला त्या स्लाइडपुरताच असतो; त्याची जागा आणि आकार त्याच्याजवळच नोंदलेले असतात. प्लेसहोल्डर मात्र आपली जागा आणि रूप वरून घेतो. प्रत्येक स्लाइडला एक लेआउट असतो, म्हणजे शीर्षक कोठे, मजकूर कोठे, चित्र कोठे याची ठरलेली मांडणी. सर्व लेआउट एका स्लाइड मास्टरच्या हाताखाली असतात. मास्टरमधील शीर्षकाची चौकट सरकवली की तिच्यावर अवलंबून असलेल्या लेआउटमधील आणि म्हणून स्लाइडवरील शीर्षकेही सरकतात. जेथे आपण मधेच हाताने बदल केलेला असेल, तेवढीच जागा याला अपवाद ठरते. असा अपवाद मोडून स्लाइड पुन्हा लेआउटप्रमाणे करण्यासाठी पॉवरपॉइंटमध्ये ‘रिसेट’ हे बटण आहे. माझे संध्याकाळभराचे काम मास्टरमध्ये एका मिनिटात झाले असते. गूगल स्लाइड्समध्ये हेच काम ‘थीम बिल्डर’ या नावाखाली होते. लिबरऑफिस इम्प्रेसमध्येही मास्टरची सोय आहे.

ही व्यवस्था प्रत्यक्ष पाहायची असेल, तर एखाद्या पीपीटीएक्स, म्हणजे पॉवरपॉइंटच्या, फाईलची प्रत काढावी, तिच्या नावाचा शेवट बदलून झिप करावा आणि ती उघडावी. पीपीटीएक्स ही मुळात एक झिप फाईलच, म्हणजे अनेक फाईलींचे दाबून बांधलेले गाठोडेच असते. आत मास्टर, लेआउट, स्लाइड आणि चित्रे यांची स्वतंत्र फोल्डरे दिसतात. एखाद्या स्लाइडची फाईल वाचली, तर न हलवलेल्या शीर्षकाच्या चौकटीपाशी जागेची किंवा लांबीरुंदीची कोणतीही नोंद आढळत नाही. ही शीर्षकाची चौकट आहे, एवढेच तेथे लिहिलेले असते आणि बाकी सारे लेआउटकडून येते. हे पाहिल्यावर माझ्या मनात शंका उरली नाही. कोणत्याही वर्णनाने जे समजले नव्हते, ते त्या रिकाम्या जागेने समजावले.

थीम ही मास्टरशी जोडलेली, पण त्याहून वेगळी गोष्ट आहे. पॉवरपॉइंटच्या थीममध्ये १२ रंगांचा संच असतो: मजकूर आणि पार्श्वभूमीसाठी ४, ठळक वापरासाठी ६ आणि दुव्यांसाठी २. शिवाय शीर्षकासाठी एक आणि मजकुरासाठी एक असे दोन फॉन्ट असतात. रंग निवडताना थीमच्या ओळीतून निवडला, तर थीम बदलल्यावर तो बदलतो. खालच्या ठरावीक रंगांतून निवडला, तर तो तसाच राहतो. म्हणून एकच निळा रंग दोन ठिकाणी सारखा दिसूनही पुढे वेगळा वागू शकतो.

ट्रान्झिशन आणि ॲनिमेशन या संज्ञांची अनेकदा गल्लत होते. एका स्लाइडवरून दुसरीवर जाताना दिसतो तो परिणाम म्हणजे ट्रान्झिशन, तर स्लाइडवरील एखाद्या घटकाचे येणे, ठळक होणे, सरकणे किंवा जाणे म्हणजे ॲनिमेशन. क्रमाक्रमाने आकृती उलगडायची असेल तेथे ॲनिमेशन खरोखर उपयोगी पडते. इतरत्र ते टाळणेच मला योग्य वाटते.

बोलणाऱ्यासाठी प्रेझेंटर व्ह्यू अधिक मोलाचा आहे. त्यात श्रोत्यांना केवळ स्लाइड दिसते आणि आपल्याला टिपणे, पुढची स्लाइड आणि गेलेला वेळ दिसतो. पॉवरपॉइंटमध्ये सादरीकरण चालू असताना इंग्रजी बी अक्षराची कळ दाबली की पडदा काळा होतो, आणि चर्चा सुरू झाल्यावर लोकांचे लक्ष स्लाइडवरून बोलणाऱ्याकडे आणण्यासाठी ही सोय फार चांगली आहे.

आउटलाइन व्ह्यूचा उल्लेख मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. त्यात सर्व स्लाइडचा मजकूर एका सलग आराखड्यासारखा दिसतो, मात्र तो केवळ शीर्षकाच्या आणि मजकुराच्या प्लेसहोल्डरमधला असतो. टेक्स्ट बॉक्समधील एकही शब्द तेथे येत नाही. दृष्टिहीन व्यक्ती स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, मदतीने फाईल वाचत असेल, तर स्लाइडचे शीर्षक म्हणून शीर्षकाच्या प्लेसहोल्डरमधीलच मजकूर ओळखला जातो आणि त्यावरून तिला हवी ती स्लाइड शोधता येते. माझे ते जुने ६० स्लाइडचे सादरीकरण मी अलीकडे आउटलाइनमध्ये उघडले, तेव्हा डाव्या बाजूला १ ते ६० असे आकडे ओळीने उभे होते आणि एकाही आकड्यापुढे काहीही लिहिलेले नव्हते.