ढ ला ढ का म्हणतात?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, आणि दर वेळी तेच तोंडी सांगून कंटाळा येतो म्हणूनही. मी हौसेखातर ब्राह्मी लिपी शिकवतो, म्हणजे अशोकाचे लेख ज्या लिपीत आहेत आणि जिच्यातून पुढे आपली देवनागरी आली ती. वर्ग कुठलाही असो, कुणीतरी विचारतंच, की सर अभ्यासात मागे असलेल्या पोराला 'ढ' का म्हणतात आणि ते व्हॉट्सॲपवर फिरतं ते खरं का.

फिरतं ते असं, की अशोकाच्या काळापासून बाकी सगळी अक्षरं बदलत गेली, ढ मात्र होता तिथेच राहिला, सव्वादोन हजार वर्षांत काही म्हणजे काही शिकला नाही, म्हणून जो शिकत नाही तो ढ.

यातला अक्षराचा भाग खराय. फळ्यावर ब्राह्मी काढली की क म्हणजे अधिकचं चिन्ह, ग म्हणजे उलटा व्ही, ध म्हणजे इंग्रजी डी, र म्हणजे नुसती उभी काडी, सगळे डोकं खाजवत बसतात, आणि ढ काढला रे काढला की पार शेवटच्या बाकावरून आवाज येतो, "ढ!" वरची रेघ तेवढी नाही, बाकी तोच. पण मग ठ ने काय घोडं मारलंय? ब्राह्मीतला ठ म्हणजे सरळ एक गोल, आजचा ठ म्हणजे तोच गोल रेघेला टांगलेला. ट सुद्धा फार हललेला नाही. तरी कुणी पोराला 'काय ठ आहेस रे' म्हणत नाही ना.

आणि दुसरी गोची मोठी आहे. मधली कित्येक शतकं ब्राह्मी वाचताच येत नव्हती कुणाला. फिरोजशाह तुघलकाने अशोकाचे स्तंभ दिल्लीत आणवले, पण त्यावर लिहिलंय काय हे सांगणारा माणूस मिळाला नाही. जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने ती लिपी सोडवली १८३७ मध्ये. आपल्या नालासोपाऱ्याचा अशोकाच्या लेखाचा तुकडा तर पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजींना १८८२ साली सापडला. म्हणजे त्याआधीच्या पंतोजींना जुना ढ कसा दिसायचा हे कळणार कुठून, आणि त्यावरून ते पोरांना नावं कशी ठेवणार? माझं मत विचाराल तर शब्द लोकांच्या तोंडी आपला आपण आला आणि लिपी शिकलेल्या कुणा विद्वानाने ही गोष्ट त्याला मागून चिकटवली. गोष्ट झकास आहे, पण विनोद म्हणून.

मग आला कुठून? मी तरी कानाकडे बोट दाखवीन. ढिम्म, ढब्बू, ढोबळ, ढिला, ढेकूळ, ढेपाळणं, बघा की, सगळी जड, बसकी, जागची न हलणारी मंडळी. जीभ वर वळवून टाळूला लावायची आणि वर श्वासाचा धक्का द्यायचा, एवढी मेहनत करून आवाज निघतो तो असा ओबडधोबड. शिवाय संस्कृतातला मूढ आहेच, मोह ज्या धातूतून आला त्यातूनच आलेला, त्याच्या शेपटाला हाच ढ. (पण दृढ मध्येही तोच आहे हं. गुजरातेतल्या गिरनारला अशोकाचे शिलालेख आहेत, त्यातल्या सातव्या लेखात 'दढभतिता' म्हणजे दृढ भक्ती असं कोरलंय, त्यामुळे बिचाऱ्याला सरसकट बदनाम करू नका.)

आता अर्थ. मूर्ख आणि ढ एक नव्हेत. येडा काहीतरी करून बसतो, बावळट नुसता उभा राहिला तरी दिसतो, ढ ला मात्र विषय लागतो. 'मी गणितात ढ होतो' हे आपण आरामात म्हणतो, 'गणितात मूर्ख होतो' कुणी म्हणत नाही. ढ माणूस व्यवहारात चतुर असू शकतो, दुकान चालवू शकतो, तुम्हाला टोपी घालू शकतो. आणि शब्द इतका ढिम्म की लिंग-वचन काही लागत नाही त्याला, तो ढ, ती ढ, ते सगळे ढ.

शाळेत आता मास्तर हा शब्द जपून वापरतात, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलांच्या मानसिक छळालाही बंदी आहे, आणि बरंच झालं, कारण एकदा वर्गात ढ म्हटलं की ते पोर दहावीपर्यंत ढच राहायचं, मास्तर बदलले तरी. मोठ्या माणसांनी मात्र तो स्वतःसाठी ठेवून घेतलाय. बँकेचं ॲप उघडता आलं नाही की काका फोन पुढे करतात आणि म्हणतात, "बघ रे जरा, मी यात अगदीच ढ."