बारावी कुठून करायची?

आज फोंड्याला ताईकडे गेले होते. भाचीला अकरावीत ८२ टक्के, म्हणून घरात सुतकी वातावरण. भावोजींनी तर तिला बारावीला राजस्थानातल्या कोटा शहरात, इंजिनिअरिंग प्रवेशाच्या क्लासेसना पाठवायचं मनात पक्कं केलेलं.

मग भाची आणि मी इंजिनिअरिंग प्रवेशाचे नियम उघडून बसलो. एनआयटी, म्हणजे राज्याराज्यांतली केंद्राची इंजिनिअरिंग कॉलेजं; त्यांच्या साधारण निम्म्या जागा त्या त्या राज्याच्या मुलांसाठी असतात आणि राज्य ठरतं ते बारावी कुठून पास झालात त्यावर. जन्म गोव्याचा, घर फोंड्यात, याला तिथे किंमत नाही. राजस्थानातल्या शाळेतून बारावी केली, तर कुंकळ्ळीच्या एनआयटीतला गोव्याचा वाटा गेलाच! फर्मागुढीच्या आयआयटीत असा वाटा नाही, हेही तिला सांगितलं.

आणि टक्के? रँक लागते जेईई या प्रवेश परीक्षेवर. बारावीला खुल्या गटात ७५ टक्के पुरतात. पोरगी किती रडली होती त्या ८२ साठी! मला फार वाईट वाटलं. असे नियम उच्च माध्यमिक शाळांनी अकरावीतच पालकांना बसवून सांगायला हवेत.

भावोजी अजून विचार करतायत. भाची मात्र जेवून गणिताला बसली.