दोन मीटरचा हिशेब

२४ जानेवारी, रात्री

आज सकाळी नागपूरजवळच्या वाडीत, अमरावती रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर, एका तरुणाने मला मोबाईलवर ‘नागास्त्र’ या हल्ला करणाऱ्या ड्रोनची चित्रफीत दाखवली. "काका, हे आपल्या नागपूरचं आहे," असे तो म्हणाला आणि त्याचा अभिमान मला खोटा वाटला नाही. सैनिकाने पाठीवरून न्यावे, सुमारे एक किलो स्फोटक घेऊन ते आकाशात घिरट्या घालावे, लक्ष्य दोन मीटरच्या आत गाठावे आणि हल्ला रद्द झाल्यास पॅराशूटने परत उतरावे, अशी त्याची रचना आहे. परत बोलावण्याची ही सोय मला सर्वांत महत्त्वाची वाटते; परंतु ती कधी वापरायची हे पडद्यासमोर बसलेला माणूस ठरवणार, आणि त्याला जे दिसते ते खरे असेलच, याबद्दल माझ्या मनात शंका आहे. मे २०२५ मध्ये, भारत-पाकिस्तान युद्धाच्या त्या चार दिवसांत, कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची बातमी वाहिन्यांनी रात्रभर दाखवली. ती खोटी होती. व्हिडिओ गेममधली दृश्येही युद्धाची म्हणून घरोघरी फिरली.

त्या रात्री माझे शेजारी आमच्याकडे बसले होते. अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून ते निवृत्त झाले आहेत. सगळे जल्लोष करत असताना त्यांनी आवाज कमी करायला सांगितला आणि एवढेच विचारले, "हे चित्र कोणत्या दिवसाचं आहे?" फॅक्टरीत शिरताना आगपेटी आणि मोबाईल दारावर ठेवायचा, अंगात सुती कपडे घालायचे, आत जाण्यापूर्वी तांब्याच्या पट्टीला हात लावून शरीरातली स्थिर वीज उतरवायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. आजही घरात शिरण्याआधी ते फाटकाच्या लोखंडी गजावर तळहात टेकवतात, आणि हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत तर हमखास.

बरोबर एक वर्षापूर्वी, २४ जानेवारी २०२५ रोजी, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन छत कोसळले आणि किमान आठ कामगार गेले. त्याआधी १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळ बाजारगावला स्फोटकांच्या कारखान्यात नऊ जण गेले, त्यांत सहा बाया होत्या. सीमेवर शस्त्रे लागतात, हे मी नाकारत नाही. मात्र शस्त्र किती अचूक आहे हे मीटरमध्ये सांगणाऱ्या सरकारने, ते भरणाऱ्या हातांच्या सुरक्षेचा आकडाही तितक्याच ठळकपणे सांगितला पाहिजे, आणि प्रत्येक चौकशीचा अहवाल मराठीत कारखान्याच्या दारावर लावला पाहिजे. परवा २६ जानेवारीच्या भाषणांत याचा उल्लेख होईल, अशी मला आशा नाही.

संध्याकाळी शेजाऱ्यांना मी ती चित्रफीत दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत, एकदाही मान न हलवता पाहिली आणि मोबाईल माझ्या हातात देत विचारले, "यात माल भरायचं काम कोणाकडे आहे? पोरांकडे, की बायांकडे?"