शेतीतून काढायचं, पण आधी घालायचं

मी अर्थशास्त्र शिकवते, आणि १९७९चं नोबेल हा माझा आवडता किस्सा आहे. त्या वर्षी ते आर्थर लुईस आणि थिओडोर शुल्ट्झ यांना विभागून मिळालं. गंमत म्हणजे शेतीच्या बाबतीत दोघांचं मुळातच पटत नव्हतं. विद्यार्थी मात्र दोन्ही नावं एका ओळीत लिहून मोकळे होतात.

लुईसनं १९५४ मध्ये मांडलं की गरीब देशात शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसं असतात. त्यातली काही कारखान्यात गेली तरी धान्य घटत नाही. शुल्ट्झ साउथ डकोटातल्या शेतकऱ्याचा मुलगा, त्याला हे पटेना. त्यानं भारतातली १९१८-१९ची इन्फ्लुएंझाची साथ पुराव्याला घेतली. माणसं खरंच जास्तीची असती, तर इतके लोक दगावूनही पेरा तेवढाच राहायला हवा होता. तो घटला. (अमर्त्य सेन यांनी या पुराव्यावर आक्षेप घेतला. साथ काही प्रत्येक घरातून एकेक माणूस मोजून नेत नाही, काही घरं पुरती रिकामी होतात आणि त्यांची जमीन पडून राहते, हेही खरंच.) माझा कल शुल्ट्झकडे आहे. वर्षाची सरासरी काढली की हात रिकामे दिसतात, पण वापसा आला, म्हणजे जमीन पेरण्याजोगी झाली, की पेरणीच्या त्या चार दिवसांत कोण रिकामं असतं? कापणीलाही तेच.

कारखान्यांसाठी पैसा शेतीतूनच उभा करायचा, हा मोह बहुतेक नव्या देशांना पडला. घानात कोकोची खरेदी सरकारी मंडळ करायचं. जागतिक बाजारातला भाव आणि शेतकऱ्याच्या हातात पडणारा भाव यातला फरक तिजोरीत जायचा. वर चलनाचा दर कृत्रिमरीत्या चढा, म्हणजे निर्यातीच्या डॉलरचे स्थानिक पैसे कमीच. शेतकऱ्यांनी नवी झाडं लावणं सोडलं, बराच माल चोरवाटेनं शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्ये गेला. १९६४-६५ मध्ये साडेपाच लाख टनांच्या आसपास असलेलं उत्पादन १९८३-८४ मध्ये १.६ लाखांवर आलं. दुष्काळ आणि वणव्यांनी त्यात भर घातली, पण घसरण त्याआधीच लागली होती.

शेतीतून काढून तैवाननंही घेतलं, हे विसरलं जातं. खताच्या बदल्यात भात, आणि दर सरकारचा. म्हणजे छुपा करच. पण त्याच सुमारास, १९४९ मध्ये, कुळांनी जमीनमालकाला द्यायचा खंड मुख्य पिकाच्या ३७.५ टक्क्यांवर बांधला गेला, १९५३ मध्ये कुळांना जमिनी मिळाल्या, जोडीला पाटपाणी आणि सुधारित बियाणं. उत्पादन वाढत होतं, म्हणून कर सोसला गेला. शेतकऱ्याच्या हातात उरलेल्या पैशातून कारखान्यांना घरचं गिऱ्हाईकही मिळालं.

२००३ मध्ये मोझांबिकची राजधानी मापुतोत आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी अंदाजपत्रकाच्या किमान १० टक्के रक्कम शेतीला देण्याचं ठरवलं. बहुतेकांना ते जमलेलं नाही. शेतीचा जीडीपीतला वाटा घटला, म्हणजे देश पुढे गेला, असं म्हणून पाठ थोपटून घेणारा अहवाल हाती आला, की मी आधी दर हेक्टरी उत्पादनाचा तक्ता शोधते. पुष्कळदा तो शेवटच्या परिशिष्टात असतो.